जुना ट्रॅक्टर ट्रकवर घालून २८० किलोमीटर आणायचाय, भाडं नेमकं कशावर ठरतं?

काळीमाती (प्रश्न)

मंडळी, वापरलेला ५० एचपीचा ट्रॅक्टर घेतेय. टू-व्हील ड्राइव्ह, केबिन नाही, वर दुमडता येणारा रोलबार (उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान). सोबत एक रोटाव्हेटर, म्हणजे मागे जोडायचं माती भुसभुशीत करणारं अवजार. व्यवहार ठरला, इसारही दिला. अडचण एकच, ट्रॅक्टर २८० किलोमीटर लांब आहे.

तीन ट्रकवाल्यांना फोन केले. पहिल्याने एका दमात आकडा सांगितला, काही विचारलं नाही. दुसऱ्याने फक्त वजन विचारलं. तिसऱ्याने तर उलटतपासणीच घेतली: ट्रॅक्टर स्वतः चालतो का, रस्त्यापासून किती आत उभा आहे, तिथे ओटा आहे का, उतरवणार कसा. आणि एवढं विचारून त्याचा आकडा पहिल्याच्या दुपटीहून थोडा जास्त!

आता पहिला स्वस्त आहे की गळ्यात काहीतरी मारतोय? की तिसरा लुटतोय? भाडं कशावर ठरतं हेच कळत नाही, तर घासाघीस तरी कशावर करायची? धाकटा भाऊ म्हणतोय, ट्रकच नको, मी चालवतच आणतो.

बांधावरचा

चालवत आणा की ताई. ट्रॅक्टर चालतोय ना? मग ट्रकला कशाला पैसे घालायचे. डबा बांधून द्या भावाला, रात्रीपर्यंत दारात.

स्टेपनी

बांधावरचे भाऊ, "रात्रीपर्यंत" हाच तर घोळ आहे. ट्रॅक्टर रस्त्याला सरासरी २५ च्या वेगाने पडतो. २८० किलोमीटर म्हणजे नुसते चाकावरचे अकरा तास, त्यात चहापाणी, डिझेल आणि बूड मोडणं वेगळं. शेवटचे काही तास अंधारात, मागून येणाऱ्या गाड्यांपुढे. शिवाय जुना ट्रॅक्टर. शेतात तासभर चालणारं पुढच्या चाकाचं बेअरिंग डांबरावर अखंड चालेल की नाही ते घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही. मागच्या टायरांच्या जाड रबरी पट्ट्या मातीसाठी असतात, तापलेल्या रस्त्यावर त्या झिजतात. टायरची किंमत डोक्यात ठेवून मग फुकट म्हणा. माझा साधा नियम आहे: ऊन असताना निघून ऊन असतानाच पोचता येत असेल तर चालवत न्या. त्यापुढे गाडी करा.

डिझेलचं म्हणाल तर गंमत आहे. ट्रॅक्टर रस्त्याला तासाला पाचएक लिटर खातो, म्हणजे तुमच्या अंतराला पंचावन्न-साठ लिटर. ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं तर भरलेल्या खेपेला सत्तर. फार फरक नाहीच. ट्रक महाग पडतो तो दुसऱ्या कारणाने, आणि ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

माझ्या स्वतःच्या गाड्या होत्या, आता मुलगा बघतो. यंत्रं पुष्कळ वाहिली, म्हणून सांगतो. भाडं ट्रॅक्टरचं नसतं, गाडीचं असतं. दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर नऊ टनी गाडीवर चढला काय आणि सहा टन कांदा चढला काय, गाडी तेवढेच तास अडकते. ट्रॅक्टर हौदा अडवतो, त्याच्या आजूबाजूला दुसरा माल टाकता येत नाही. म्हणून वजनावरून भाडं काढणाऱ्या दुसऱ्या गृहस्थाचा आकडा तुम्ही सध्या बाजूला ठेवा. त्याने ट्रॅक्टर बहुधा कधी वाहिलेला नाही.

आता पहिला आणि तिसरा. गाडीचा तळ तुमच्याकडे असेल तर ती २८० रिकामी जाणार आणि २८० भरून येणार. तळ विकणाऱ्याच्या बाजूला असेल तर भरून येणार, रिकामी परतणार. कसंही धरा, ५६० किलोमीटर गाडी पळणार. रिकाम्या गाडीला डिझेल थोडं कमी लागतं, पण टोल, ड्रायव्हर, टायर, बँकेचा हप्ता यातलं काहीच कमी होत नाही. तिसऱ्याने तुम्हाला ५६० चा हिशेब लावलाय. पहिल्याची गाडी बहुतेक त्या बाजूला माल उतरवून मोकळी परत येणारच आहे, त्याला तुमच्याकडून मिळेल ते वरचं आहे. म्हणून २८० चा हिशेब. दुप्पट फरक इथूनच आला. लुटतंय कुणीच नाही, दोघे दोन वेगळ्या गोष्टी विकतायत.

परतीची गाडी स्वस्त असते, पण ती तुमच्या तारखेला बांधलेली नसते. त्याचा पहिला माल दोन दिवस लांबला की तुम्ही पण लांबलात. वाटेत त्याला चांगलं भाडं सापडलं तर फोन उचलणं बंद. तुम्हाला पेरणीची घाई नसेल तर परतीचीच गाडी धरा आणि उघड सांगा, "चार दिवस मागेपुढे चालेल". या एका वाक्याने जेवढं भाडं उतरतं तेवढं तासभर घासाघीस करून उतरत नाही.

आणखी एक वाट सांगतो, लोकांच्या लक्षात येत नाही. नवे ट्रॅक्टर कारखान्यातून विक्रेत्याकडे लांब ट्रेलरवर येतात, उतरवले की ते ट्रेलर मोकळे होतात. ट्रॅक्टर जिथे उभा आहे तिथल्या दोन-तीन विक्रेत्यांना फोन करून विचारा, तुमच्याकडे माल टाकणारी गाडी आमच्या दिशेने परत जाते का. त्या ड्रायव्हरकडे चढवायच्या फळ्या असतात, साखळ्या असतात, आणि ट्रॅक्टर कुठे बांधायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. जमलं तर याच्याइतकं बरं काही नाही.

आता भाड्यात काय धरलंय आणि काय नाही. इथे खरी मारामारी होते, नेहमी उतरवताना, ट्रॅक्टर अजून गाडीवर असताना. म्हणून आधीच विचारा: टोल कुणाचा? चढवणं-उतरवणं कुणी करायचं? क्रेन लागली तर तिचे पैसे कुणाचे? थांबण्याचे किती तास फुकट आणि पुढे तासावर की दिवसावर? विकणारा कागद शोधत बसला आणि गाडी दुपारपर्यंत उभी राहिली तर हॉल्टिंग तुम्ही भरणार, तो नाही. माझ्याकडे तक्रारी यायच्या त्यातल्या बहुतेक याच असायच्या. क्रेनवाला तर कमीत कमी काही तासांचे पैसे घेतोच, काम दहा मिनिटांत झालं तरी. क्रेन त्याच्या तळावरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत तास मोजतात.

अंतर कमी असलं की किलोमीटरमागे भाडं चढं लागतं. पन्नास किलोमीटरला काय आणि पाचशेला काय, चढवायला-बांधायला-उतरवायला तेवढेच तास जातात. तुमचं २८० मधलं अंतर आहे: सकाळी लवकर भरलं तर संध्याकाळी उतरतं, दुपारी भरलं तर मुक्काम. तेव्हा भरायची वेळ सकाळची ठरवा आणि विकणाऱ्याला तशी तंबी द्या.

फोनवर "एक ट्रॅक्टर आणायचाय" म्हणू नका. असं लिहून पाठवा: "५० एचपी, टू-व्हील ड्राइव्ह, वजन इतकं, लांबी-रुंदी-उंची इतकी, रोलबार दुमडतो. चालू आहे, स्वतः चढेल, ब्रेक चांगले. सोबत रोटाव्हेटर, वजन इतकं. उभा आहे तिथे मोठी गाडी आत येते, वळते. ओटा आहे. उतरवायच्या जागी ओटा नाही. तारीख चार दिवस इकडेतिकडे. टोल, भरणी, बांधणी धरून एकच आकडा सांगा." मापं विकणाऱ्याला टेप लावून घ्यायला सांगा, माहितीपत्रकातली नको. कुणीतरी छत वेगळं बसवलेलं असतं, कुणी सायलेन्सर उंच केलेला असतो. गाडीचा हौदा जमिनीपासून सव्वा मीटर, वर ट्रॅक्टर अडीच मीटर, झाले पावणेचार. बऱ्याच ठिकाणी उंचीची मर्यादा चारच्या आसपासच असते, आणि आडवी तार किंवा जुना पूल मर्यादा विचारत नाही. रोलबार दुमडा, छत काढा, मगच मोजा.

पानावाला

काकांनी भाड्याचं सांगितलं, मी गॅरेजवाला, ट्रॅक्टरपुरतं सांगतो.

दोन ब्रेक पेडल जोडणारी पट्टी असते ना, ती चढवण्याआधी लावलीच पाहिजे. शेतात वळायला ती काढून ठेवायची सवय असते. फळीवर असताना एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो.

इंजिन टर्बो असेल आणि सायलेन्सरचं तोंड वर असेल तर ते चिकटपट्टीने किंवा डबा घालून घट्ट बंद करा. वाऱ्याने बंद इंजिनाचा टर्बो आतल्या आत फिरत राहतो, तेल मात्र पोचत नसतं. बेअरिंग जातं आणि घरी येऊन पांढरा-निळा धूर दिसला की माणूस विकणाऱ्याला शिव्या देतो. पोचल्यावर झाकण काढायला विसरू नका, स्टेअरिंगला चिठ्ठी बांधा. बॉनेटचा खटका जुना असेल तर वरून पट्टा मारा. डिझेल अर्ध्याच्या खाली.

आणि मागच्या टायरात पाणी भरलंय का बघा. वॉल्व्ह खालच्या बाजूला येईल इतकं चाक फिरवा, पिन दाबा, पाणी उडालं तर आहे. टायरच्या मापाप्रमाणे एकेकात दीडशे ते अडीचशे लिटर बसतं. दोन्ही मिळून तीनशे ते पाचशे किलो जास्तीचं वजन, ते कुठल्याच कागदावर नसतं.

बांधावरचा

पाण्याचं माहीत नव्हतं. आमच्या ट्रॅक्टरात पण असेल की.

काळीमाती

काका, दादा, फार उपयोग झाला. विकणाऱ्याला फोन केला. टर्बो नाही, पण टायरात पाणी आहे म्हणतो, आणि चाकांना लोखंडी वजनं पण लावलेली आहेत. त्याच्याकडे मातीचा ओटा आहे, माझ्याकडे नाही. पहिल्याला विचारलं तर काकांनी सांगितलं तेच निघालं, परतीची गाडी आहे. पण तो म्हणतो "दोर बांधून घेऊ, काय पळून जातोय का ट्रॅक्टर". तिसरा साखळ्यांबद्दल बोलत होता. बांधण्यात एवढं काय असतं? आणि रोटाव्हेटर जोडूनच चढवायचा का?

स्टेपनी

ताई, दोरावर ट्रॅक्टर आणणाऱ्याला भाडं कमी लागतं हे खरं, पण तो पैसा तुमच्या ट्रॅक्टरच्या जिवावर वाचलेला असतो. बांधणीचं नीट सांगतो.

ट्रॅक्टर हवेच्या टायरांवर उभा असतो. गाडी खड्ड्यात गेली की तो खाली बसतो, परत उसळतो. खाली बसला त्या क्षणी दोर सैल, उसळला त्या क्षणी झटका. दोर ताणतोही आणि कडेला घासून कापलाही जातो. म्हणून साखळी, नाहीतर रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) रुंद पट्टा, चारही कोपऱ्यांना एकेक स्वतंत्र. एकच लांब साखळी इकडून तिकडे फिरवून नेली तर एक कडी सुटली की सगळंच सुटतं.

किती जोर धरायचा, त्याचा हिशेब आहे. माल बांधण्याचं युरोपचं मानक ईएन १२१९५-१ घ्या नाहीतर अमेरिकेतले ट्रकचे नियम, दोन्हीकडे पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट जोर सहन झाला पाहिजे असं धरतात. करकचून ब्रेक लागला की एवढा जोर येतो. तुमचा ट्रॅक्टर पाण्यासकट अडीच टन धरा, म्हणजे पुढे सरकायला दोन टनांचा रेटा, आणि पुढे काय आहे? ड्रायव्हरची केबिन. ५० मिमीच्या रॅचेट पट्ट्याच्या लेबलवर बहुधा २५०० डेकान्यूटन लिहिलेलं असतं, सरळ ओढीत अडीच टनांच्या जवळपास. पण पट्टा सरळ कधीच नसतो, तिरका जातो. हौद्याशी ६० अंशांचा कोन झाला तर पुढे-मागे धरण्यातला निम्मा जोर गेला. म्हणून साखळी जितकी पसरट तितकी चांगली, उभी नको. लेबल फाटलेला पट्टा घेऊच नका.

बांधायचं कुठे? मागे ड्रॉबारच्या (ट्रॉली ओढायच्या दांड्याच्या) बैठकीला किंवा मागच्या ॲक्सलच्या जाड घराला. पुढे ॲक्सलच्या मुख्य तुळईला. पुढचा ॲक्सल मध्यावर खिळलेला असतो, डावी-उजवीकडे डुलतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा ताण द्या. स्टेअरिंगच्या दांड्याला, हायड्रॉलिकच्या पाइपला, पायरीला, रोलबारला साखळी घालणारा दिसला तर तिथेच थांबवा. दांडा वाकला की पुढची चाकं दोन दिशांना बघतात, मी पाहिलंय. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, आणि ते हौद्याला खिळ्यांनी ठोकलेले. नुसते ठेवलेले ठोकळे पहिल्याच गतिरोधकाला निघून येतात. ट्रॅक्टर पहिल्या गियरात, हँडब्रेक ओढलेला.

निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर गाडी थांबवून साखळ्या परत आवळायच्या. हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. टायर बसतात, कड्या आपापल्या जागी जातात, पहिली ढील तिथेच पडते. पुढे चहाला थांबला की हात लावून बघायचं, बस.

रोटाव्हेटर. ओट्यावरून भरताय ना, मग जोडूनच रिव्हर्समध्ये आत घ्या, आणि आत गेल्यावर हौद्यावर पूर्ण खाली टेकवा. लिफ्टवर अधांतरी ठेवू नका. हायड्रॉलिक हळूहळू उतरतं आणि मग बांधलेला पट्टा आपोआप सैल पडतो. त्याला वेगळी साखळी. खटकी आणि पिना जाग्यावर आहेत ना, तेवढं बघा. चाकांची लोखंडी वजनं निघत असतील तर काढून हौद्याच्या कोपऱ्यात बांधून ठेवा, चढवायला-उतरवायला हलकं पडतं. पाणी मात्र राहू द्या, ते काढायला विकणाऱ्याकडे सोय नसणार.

आता तुमच्याकडचं उतरवणं, कारण खरा धोका तिथे आहे. हौदा सव्वा मीटर उंच. तीन मीटरच्या फळ्या लावल्या तर उतार २४-२५ अंशांचा होतो, ट्रॅक्टर मागे उलटायला तेवढा पुरेसा आहे. पाच मीटरच्या लावल्या तर १४-१५ वर येतो. उतरताना पुढे तोंड करून, सगळ्यात खालच्या गियरात, क्लचला पाय न लावता. चढताना रिव्हर्स, कारण जड बाजू वरच्या अंगाला राहते आणि पुढचं तोंड उचलत नाही. रिव्हर्समध्ये भरलात तर इकडे आपोआप पुढे तोंड करूनच उतरेल. फळ्या हौद्याला साखळीने अडकवलेल्या हव्यात, नाहीतर मागचं चाक टेकलं की फळी मागे सरकते. रोटाव्हेटर फळ्यांवर टेकेल असं वाटलं तर आधी सोडून ठेवा.

त्याहून सोपं: जवळपास कुठे रस्ता उंच आणि शेत खाली असेल, किंवा दगडी धक्का, गोदामाचा ओटा, तिथे गाडी मागे लावा, फाळका उघडा आणि सरळ बाहेर काढा. जेसीबीवाला ओळखीचा असेल तर तासाभरात मातीचा ओटा करून देतो. क्रेन बोलावण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं आणि ओटा पुढेही कामाला येतो.

कागदपत्रे

एक आठवण करून देतो. ट्रकचा विमा म्हणजे तुमच्या मालाचा विमा नव्हे. बहुतेक ट्रकवाले "विमा आहे" म्हणतात तो गाडीचा असतो. मालाच्या वाहतुकीचा विमा वेगळा असतो, एका खेपेपुरताही काढता येतो. विचारा, कागद मागा, त्यात यंत्राचं नाव आणि किंमत लिहिलेली आहे का ते बघा. भरण्यापूर्वी चारी बाजूंनी, टायर, लाइट, तासमीटरचा आकडा आणि इंजिन-चॅसी नंबर असे फोटो विकणाऱ्याकडून घ्या, ट्रकवर बांधून झाल्यावरचेही. विक्रीपत्र आणि ट्रॅक्टरच्या कागदांची प्रत ड्रायव्हरकडे असू द्या, वाटेत कुणी विचारलं तर गाडी अडकत नाही. मूळ कागद त्याच्याकडे देऊ नका.

काळीमाती

पहिल्याला पुन्हा फोन केला. चार साखळ्या आणि ठोकळे असतील तरच, म्हटलं. आधी कुरकुर केली, मग म्हणाला साखळ्या भाड्याने आणतो, त्याचे वर द्या. तेवढे धरूनही तिसऱ्याच्या निम्म्याच्या जरा वर पडतंय. द्यावेत का? आणि पैसे कसे द्यायचे, तो सगळे आगाऊ मागतोय. भाऊ म्हणतोय मी ट्रकबरोबर येतो, ट्रॅक्टरवर बसून लक्ष ठेवतो.

स्टेपनी

साखळ्यांचे द्या, खुशाल द्या, आणि उद्या तो म्हणाला "दोन मिळाल्या" तर गाडी परत पाठवा. म्हणून बांधून झाल्याचा फोटो आला की मगच पैसे सोडायचे. भरल्यावर डिझेल-टोलपुरते, उरलेले ट्रॅक्टर जमिनीला लागल्यावर. सगळे आगाऊ कुणीच देत नाही, तोही फक्त विचारून बघतोय. ठरलेला आकडा आणि त्यात काय काय धरलंय ते मेसेजवर लिहून घ्या, त्याने "ओके" लिहिलं तरी पुरे.

भावाला पाठवा, बरंच आहे, विकणाऱ्याकडे वेळ जाणार नाही. पण बसायचं ट्रकच्या केबिनमध्ये, तेही जागा असेल तर. नाहीतर एसटीने पुढे जाऊ द्या. धावत्या ट्रकवरच्या ट्रॅक्टरवर कुणीही बसायचं नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. साखळी तुटली तर तो काय हाताने धरणार आहे?